नगरपालिका आणि झेडपीचे उमेदवार रोजगाराबद्दल बोलतात तेव्हा: मराठवाड्यातल्या मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की कन्नडपासून उमरग्यापर्यंत प्रत्येक पत्रकावर एक ओळ हमखास असते: "तरुणांच्या हाताला काम देणार." ते काम कुठून येणार, कुणाच्या सहीनं येणार आणि पैसा कोणत्या खात्यातून खर्ची पडणार, हे मात्र पत्रकावर नसतं. आपल्या भागातून पुण्या-मुंबईला जाणारी गाडी रोज भरून जाते. त्यामुळे हा विषय घोषणेवर सोडून देण्यासारखा नाही. प्रचाराच्या दिवसांत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. कोणत्याही पक्षाची बाजू घेतलेली नाही. प्रत्येक उत्तरात एकच कसोटी लावली आहे: उमेदवार जे बोलतोय ते त्या पदाच्या हातात आहे का?

नगरसेवकाचा रोजगाराशी काय संबंध? ते तर नाल्या आणि दिवाबत्ती बघतात ना?

संबंध आहे, आणि कायद्यानंच आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय त्यात आहेत, आणि आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन व शहरी दारिद्र्य कमी करणं हे दोन त्यातलेच. ग्रामीण भागासाठी ७३ व्या दुरुस्तीनं अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत: लघुउद्योग, खादी-ग्रामोद्योग, बाजार, पशुसंवर्धन वगैरे.

पण कागदावरचा विषय आणि हातातला अधिकार यांत अंतर असतं. पालिका कारखाना काढू शकत नाही. बाजाराची जागा, दुकानाचे गाळे, पाणी, रस्ता, कर, परवाने आणि स्वतःची कंत्राटं मात्र तिच्या ताब्यात असतात. तालुक्याच्या गावात बहुतेकांची रोजीरोटी याच गोष्टींवर चालते. म्हणून नालीचा प्रश्न विचारणारा माणूस रोजगाराचाच प्रश्न विचारत असतो. ज्या बाजारपेठेत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं तिथलं गिऱ्हाईक तुटतं.

"निवडून द्या, तालुक्याला एमआयडीसी आणतो" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा का?

हे आश्वासन नगरसेवक किंवा झेडपी सदस्य देत असेल, तर तो दुसऱ्याच्या अधिकारातली गोष्ट देतोय. औद्योगिक क्षेत्र जाहीर करणं, भूसंपादन आणि भूखंडवाटप हे सगळं १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली राज्य शासन आणि महामंडळ करतं. शेंद्रा-बिडकीनचं सुमारे १० हजार एकरांचं ऑरिक हे औद्योगिक शहर दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतून, म्हणजे केंद्र आणि राज्याच्या निर्णयातून उभं राहिलं. लातूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना हा रेल्वे मंत्रालयाचा निर्णय. यातलं काहीही पालिकेच्या ठरावानं झालेलं नाही.

स्थानिक सदस्याचं काम उद्योग आल्यावर सुरू होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. १९८० च्या दशकात वाळूजला कारखाने आले आणि रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी यांसारख्या गावांत हजारो कामगार भाड्याच्या खोल्यांत राहायला आले. त्यांना पाणी, ड्रेनेज, रस्ते आणि शाळा देण्याचं ओझं पडलं ग्रामपंचायतींवर. बिडकीन आणि आजूबाजूच्या गावांवर तीच वेळ येते आहे. तिथल्या उमेदवाराला विचारा: खोल्या वाढतील तेव्हा पाणी कुठून आणणार? कामगारांच्या पोरांना झेडपी शाळेत वर्गखोल्या आहेत का? पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या बायकांच्या रस्त्यावर दिवे आहेत का? या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्यानं विषयाचा अभ्यास केलाय असं समजा.

"स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या" यात स्थानिक म्हणजे कोण?

हे धोरण राज्याचं आहे आणि जुनं आहे. उद्योगांनी किमान ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत, असं ते सांगतं. पण तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य असलेली व्यक्ती. तुमच्या तालुक्यातली किंवा जिल्ह्यातली नव्हे. त्यामुळे सभेत "आपल्या गावच्या पोरांना ८० टक्के" असं कुणी म्हणत असेल तर नियम तसं सांगत नाही. शिवाय त्याची अंमलबजावणी उद्योग विभाग बघतो, पालिका नाही.

पालिकेत किंवा झेडपीत "नोकरी लावून देतो" असं कुणी म्हटलं तर?

तिथून उठा. नगरपरिषदांच्या संवर्गातल्या जागा राज्यस्तरावरून भरल्या जातात, झेडपीच्या गट क च्या जागांसाठी स्पर्धा परीक्षा होते. सदस्याच्या चिठ्ठीला तिथे काडीची किंमत नाही. यासाठी कुणी पैसे मागितले तर ती लाच आहे, आणि थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करा. आपल्याकडे जमिनीचा तुकडा विकून अशा लोकांच्या हातात पैसे देणारी घरं आहेत, म्हणून एवढं स्पष्ट लिहितोय.

मग कंत्राटी कामगारांचं काय? घंटागाडी, साफसफाई, पाणीपुरवठा?

पालिकेनं थेट निर्माण केलेला रोजगार बघायचा तर तो इथेच आहे, आणि या कामगारांची हेळसांड सगळ्यात जास्त होते. सफाईचं काम ठेकेदाराला जातं. ठेकेदाराचं बिल महिनोन्‌महिने निघत नाही, म्हणून तो कामगारांचा पगार अडवतो. किमान वेतन कागदावर एक आणि हातात दुसरं. पीएफ कापला जातो, पण खात्यात जमा झाल्याचा मेसेज येत नाही.

यात नगरसेवकाला पुष्कळ करता येतं. कामगारांचा पगार आणि पीएफ भरल्याचा पुरावा जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढायचं नाही, ही अट निविदेत घालून घेता येते. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालक म्हणून पालिकेवर जबाबदारी येते, कारण कामगार कायद्यात तशी तरतूद आहे. सर्वसाधारण सभेत दर महिन्याला हा तक्ता मागता येतो. उमेदवाराला एवढंच विचारा: निविदेत ही अट तुम्ही घालून घेणार का, हो की नाही? याला पैसा लागत नाही. इच्छा लागते.

आठवडी बाजार आणि हातगाडीवाले हा रोजगाराचा मुद्दा आहे का? तो तर अतिक्रमणाचा विषय.

या प्रश्नावर जरा थांबू, कारण तालुक्याच्या गावात सगळ्यात जास्त पोटं इथेच भरतात.

कुठल्याही आठवडी बाजारात सकाळी सहाला जाऊन बघा. आसपासच्या खेड्यांतून टमटममधून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बायका उतरतात. पोतं अंथरायला जागा मिळावी म्हणून अंधारात घर सोडलेलं असतं. डोक्यावर सावली नाही. दिवसभरात लघवीला जायला जागा नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. दहाच्या सुमाराला बाजारवसुलीवाला येतो आणि पैसे घेतो. पावती मागितली तर, "मावशी, पावतीचं काय करता, बसा की." पावतीवरची रक्कम आणि घेतलेली रक्कम जुळत नाही, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ही वसुली पालिका लिलावानं ठेक्यावर देते. दर किती, ते सभागृह ठरवतं. म्हणजे हा विषय शंभर टक्के तुमच्या नगरसेवकाच्या हातातला आहे. दरफलक बाजाराच्या तोंडाशी लावणं, छापील पावती सक्तीची करणं, जास्त घेतलं तर ठेका रद्द करण्याची अट घालणं, आणि वसुलीतला ठरावीक भाग ओटे, शेड, पाणी व स्वच्छतागृहासाठी राखून ठेवणं. यातलं एकही काम मंत्रालयात अडत नाही.

हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता अधिनियम आहे. त्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण व्हायला हवं, आणि सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र देईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. तुमच्या गावात ही समिती आहे का? तिची शेवटची बैठक कधी झाली? "अतिक्रमण हटवून शहर सुंदर करू" आणि "गोरगरिबांना रोजगार देऊ" ही दोन्ही वाक्यं एकाच पत्रकावर असतील, तर मुख्य रस्त्यावरच्या चहाच्या गाडीचं काय करणार, हे आधी विचारा. पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं कर्जसुद्धा पालिकेच्या यादीत नाव किंवा शिफारसपत्र असल्याशिवाय मिळत नाही. सर्वेक्षण रखडलं की माणूस सावकाराच्या दारात जातो.

व्यापारी संकुलं बांधू, गाळे देऊ, हे आश्वासन कसं आहे?

गाळे बांधण्यापेक्षा आधीचे गाळे कुणाकडे आहेत, हे तपासायला सांगा. जुन्या संकुलांतले गाळे वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यानं एकाच्या नावावर असतात आणि तो तिसऱ्याला चौपट भाड्यानं देतो. मधला फरक पालिकेलाही मिळत नाही आणि नव्यानं धंदा सुरू करणाऱ्यालाही. गाळेधारकांची यादी, भाडं आणि थकबाकी जाहीर करण्याचं वचन नव्या संकुलाच्या चित्रापेक्षा जास्त मोलाचं आहे.

पाण्याचा आणि रोजगाराचा संबंध एवढा का जोडता?

लातूर आठवा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. शिकवणी वर्ग, वसतिगृहं, खानावळी आणि डाळमिलवर चालणारं हे शहर. पाणी नाही म्हटल्यावर मेस बंद, पोरं गावी, घरमालकाचं भाडं बुडालं, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचं काम गेलं. हॉटेल, रसवंती, सर्व्हिसिंग सेंटर, बांधकाम, प्रत्येक धंद्याला पाणी लागतं. जिथे आठ-दहा दिवसांनी नळ येतो तिथे छोटा धंदेवाला टँकरवर कमाई घालवतो.

म्हणून नळाचं वेळापत्रक आणि गळती कमी करण्याचा आराखडा हीच त्या शहराची आर्थिक नीती समजा. "पाणी देऊ" एवढं पुरेसं नाही. कोणत्या योजनेतून, काम कुठपर्यंत आलंय, आणि पालिकेचा हिस्सा कुठून भरणार, हे सांगता आलं पाहिजे.

झेडपी किंवा पंचायत समितीचा उमेदवार रोजगार हमीबद्दल काय करू शकतो?

रोजगार हमी ही महाराष्ट्रानं देशाला दिलेली गोष्ट आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांनी खडी फोडली, त्या अनुभवातून १९७७ चा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, त्यात वर्षाला १०० दिवसांची हमी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवस आहेत, पण पेरणी-काढणीच्या काळात वर्षातले ६० दिवस कामं थांबवण्याची तरतूदही आहे, आणि खर्चाचा आधीपेक्षा मोठा वाटा आता राज्याला उचलायचा आहे. उमेदवाराला हा फरक माहीत नसेल तर त्याचा रोजगारावरचा मुद्दा जुन्या पत्रकातून उतरवलेला आहे.

गावात गाडी कुठे अडते? मजुराला काम मागायचं असतं, पण लेखी मागणी घेतली जात नाही. "काम निघालं की सांगतो" म्हणतात. आजवरच्या पद्धतीत नमुना ४ मध्ये मागणी करायची आणि तारखेसह पोच घ्यायची, कारण १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क त्या पोचेवर उभा राहतो. पोचच नाही, तर हक्कही नाही. दुसरीकडे सिंचन विहीर, शेततळं, फळबाग, गोठा यांचे प्रस्ताव पंचायत समितीत पडून राहतात आणि फाईल पुढे सरकवायला "खर्च" मागितला जातो.

चांगला उमेदवार सांगेल की आपल्या गणातल्या, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातल्या, प्रत्येक गावात मागणी नोंदवण्याचा दिवस ठरवू, मंजूर-प्रलंबित प्रस्तावांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावू, आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, जेसीबीच्या कामाला माणसांची नावं चढू देणार नाही. शेवटचं वाक्य तोंडानं बोलायला लावा, चार माणसांसमोर.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी स्थानिक उमेदवार काय करणार? ते तर मतदानाला गावातही नसतात.

दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालना, परभणीतल्या कित्येक वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि कुलुपं उरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कोयता (ऊस तोडणारं जोडपं) बाहेर पडतो तो थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. मतदान हिवाळ्यात आलं की उमेदवार गाड्या पाठवून लोकांना एका दिवसासाठी आणतात. उरलेल्या दिवसांत त्यांच्या लेकरांचं काय होतं, ते मात्र कुणी बघत नाही.

झेडपीच्या हातात इथे ठोस गोष्टी आहेत. हंगामी वसतिगृहं गाड्या निघण्याआधी सुरू झाली पाहिजेत, महिनाभरानं नव्हे. एकदा पोर आईबापाबरोबर फडात गेलं की ते मधूनच परत येत नाही. गावपातळीवर ऊसतोड कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रं पूर्ण झाली, तरच गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं असलेल्या कल्याण महामंडळाच्या योजना त्यांच्यापर्यंत पोचतील. बाया निघण्याआधी आणि परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व्हायला हवी. आणि गावात रब्बीला पाणी असेल तर काही कोयते मुळात निघणारच नाहीत, त्यामुळे जलसंधारण समितीत कोण बसतं हाही ऊसतोडीचाच प्रश्न आहे.

महिलांना शिलाई मशीन, पिठाची गिरणी वाटू म्हणतात. ते चांगलं की वाईट?

मशीन मिळालं तर घ्यावं, तो हक्काचा पैसा आहे. झेडपीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. पण एकाच गल्लीत बारा मशीनं आली आणि शिवायला कापडच नसेल तर ती पलंगाखाली जातात. मशीन देणाऱ्याला विचारा की काम कोण देणार. झेडपी शाळांचे गणवेश बचत गटांकडून शिवून घेणार का? अंगणवाडीचा आहार, सरकारी बैठकांचं जेवण, पालिकेच्या कापडी पिशव्या यांचं काम गटांना देणार का, आणि बिल किती दिवसांत काढणार? गट बुडतो तो बहुतेक वेळा थकलेल्या बिलापायी.

वसमतची हळद, लातूरची तूरडाळ, जालन्याची मोसंबी यांच्यावर घरगुती प्रक्रिया करणाऱ्यांसाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. सदस्य ते मंजूर करू शकत नाही. कृषी विभागाचे आणि बँकेचे अधिकारी गावात बोलावून अर्ज भरून घेणं, बँकेनं नाकारला तर लेखी कारण मागणं, एवढं करू शकतो. तेवढं केलं तरी खूप आहे.

निधी आणायचा तर सत्तेतल्या पक्षाचाच माणूस निवडावा लागतो का?

प्रचारातली ही सगळ्यात जड धमकी, आणि ती अर्धीच खरी आहे. वित्त आयोगाचं अनुदान सूत्रावर ठरतं, पक्षावर नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असले तरी घटनेनुसार तिचे चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतल्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायचे असतात. राज्याच्या खास योजनांतला निधी मात्र राजकीय ओढाताणीत फिरतो, हे नाकारून चालणार नाही. पण आलेला निधी खर्च न होता परत जातो, तेव्हा त्याचं कारण सत्तेतला पक्ष नसतो. वेळेत ठराव झालेला नसतो, आराखडा तयार नसतो, कुणी पाठपुरावा केलेला नसतो.

"करवाढ करणार नाही" आणि "सगळी कामं करू" हे दोन्ही शक्य आहे का?

अर्थसंकल्पाचं पुस्तक काढून बघा. ते पालिकेत मिळतं. त्यात मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष आकडा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. मालमत्ता कराच्या ओळीवर बोट ठेवा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात मोठी दरी असेल तर पुस्तकातली निम्मी कामं कागदावरच राहणार आहेत. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून पगारासाठी राज्याच्या सहायक अनुदानाकडे बघावं लागतं. स्वतःचं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडं आणि बाजारफी.

दर न वाढवताही वसुली वाढवता येते, पण त्यासाठी बड्या थकबाकीदारांची यादी चौकात लावायची हिंमत हवी. त्यात उमेदवाराचेच पाव्हणे निघतात, म्हणून हा प्रश्न आधीच विचारून ठेवावा.

उमेदवार स्वतःच ठेकेदार असेल तर?

पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असणं ही १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात अपात्रता आहे. म्हणून कामं भावाच्या, मेव्हण्याच्या, कार्यकर्त्याच्या नावावर निघतात. शपथपत्र वाचा. मालमत्ता, देणी, गुन्हे सगळं त्यात असतं आणि ते जाहीर केलं जातं. छोट्या कामांच्या वाटपात मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना वाटा ठरलेला आहे. आपल्याकडे डिप्लोमा-डिग्री करून बसलेल्या पोरांसाठी ही खरी संधी आहे, पण नोंदणी त्यांच्या नावाची आणि काम दुसऱ्याचं, असा प्रकार चालतो. त्यावर उमेदवार काय बोलतो, ते नीट ऐका.

निवडून आल्यावर त्यांनी शब्द पाळला का, हे कसं बघायचं?

२०२२ च्या सुमारापासून बऱ्याच संस्थांवर प्रशासक होते, छत्रपती संभाजीनगर महापालिकेत तर २०२० पासूनच. त्या काळात विचारायला सभागृहच नव्हतं, त्यामुळे लोकांची विचारण्याची सवय मोडली. ती पुन्हा लावावी लागेल. प्रचाराचं पत्रक आणि सभेचा व्हिडिओ जपून ठेवा. सर्वसाधारण सभेची कार्यवृत्तं माहिती अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तुमच्या सदस्यानं कोणता ठराव मांडला, कशाला विरोध केला, ते त्यात दिसतं. सुरुवातीलाच सगळं मागू नका. पहिल्या सहा महिन्यांनी तीन कागद मागा: बाजारवसुलीचा ठेका आणि दरपत्रक, कंत्राटी कामगारांच्या पगार-पीएफचा तक्ता, पथविक्रेता समितीच्या बैठकांची नोंद. गाव झेडपीत येत असेल तर या कागदांऐवजी रोजगार हमीच्या मागणीचं रजिस्टर मागा आणि ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा.